भीमण्णानं उचललेला भंडारा

आमच्या बिदरच्या इतिहास मंडळाची स्मरणिका परवा टपालानं घरी आली. जाडजूड, गुळगुळीत कागदाची. आधी जाहिराती, मग पाहुण्यांचे संदेश, मग अध्यक्षांचा पानभर फोटो, तोही रंगीत. शेवटी शेवटी 'आमचे दिवंगत सहकारी' म्हणून एक चौकट आहे आणि तिच्यात भीमण्णाला पाच ओळी दिल्यात. 'कै. भीमण्णा हे मंडळाचे प्रामाणिक शिपाई होते' ही पहिली ओळ. तिथंच मी स्मरणिका मिटून ठेवली. डोकं तापलं, खोटं कशाला बोलू. भीमण्णा शिपाई नव्हता. आमच्या मंडळात शिपाई कधी नव्हताच. खुर्च्या मांडायचं काम निघालं की ते भीमण्णाच्या अंगावर पडायचं, एवढंच.

संपादकांना फोन लावला. गृहस्थ नवे आहेत, नम्र आहेत. म्हणाले, काका, जुन्या इतिवृत्तात तसंच लिहिलेलं सापडलं. आता इतिवृत्त लिहिणारा कोण? मीच. अकरा वर्षं मी मंडळाचा सचिव होतो. माझ्याकडच्या वह्या काढून बघितल्या, तर एका बैठकीच्या नोंदीत माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'शिपाई भीमण्णा यांनी सर्वांना चहा दिला.' मग चिडणार तरी कोणावर? वही पुढ्यात ठेवली आणि हे लिहायला घेतलं.

भीमण्णा रस्त्याच्या खात्यात होता. खडी फोडण्यापासून सुरुवात केली आणि गँगचा मुकादम होऊन रिटायर झाला. चिटगुप्प्याच्या पुढं आडबाजूला त्याची वाडी. बापजाद्यांची मेंढरं होती, ती बापाच्या काळातच मोडली. मग थोडी कोरडवाहू जमीन आणि ह्याची नोकरी. अंगानं बुटका, पण तळहात भलतेच रुंद. उजव्या हाताची दोन नखं कधीकाळी दगडाखाली सापडून काळीनिळी झालेली, ती तशीच राहिली. चालताना मान खाली, नजर रस्त्यावर. खड्डा दिसला की थांबायचा आणि तो खड्डा कुणाच्या हयगयीनं पडलाय ते सांगायचा.

बसमध्ये त्याला खिडकी लागायची, कारण त्याला मोऱ्या मोजायच्या असत. रस्त्याखालून पाणी जायला जी बांधतात ती मोरी. गावांची नावं त्याला येत होती, पण त्याचा भरवसा मोऱ्यांवर. कंडक्टर ओरडायच्या आधी हा पिशवी उचलायचा. "बारा नंबरची गेली, उठा रावसाब." मी तहसीलमध्ये रेकॉर्ड कीपर होतो म्हणून मला तो रावसाब म्हणायचा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा होता. तरी तो मला 'तुमी' म्हणायचा आणि मी त्याला 'तू'. हे मला तेव्हा कधी खटकलं नाही. आता लिहिताना खटकतंय, पण आता सवय मोडून काय उपयोग.

तो मंडळात आला तेही सांगण्यासारखं आहे. तेव्हा आम्ही रविवारी सकाळी एका शाळेच्या वर्गात जमायचो. दहा-बारा माणसं: दोन प्राध्यापक, एक डॉक्टर, आमचे अध्यक्ष वकीलसाहेब, मी, आणि बाकी ज्यांना रविवारी घरी करमत नाही असे. त्या दिवशी त्यातल्या एका प्राध्यापकांनी शिलालेखांवर भाषण दिलं. आपल्या भागात लेख असलेले शेकडो दगड होते, ते गेले कुठं, कुणास ठाऊक, असं म्हणून त्यांनी हळहळ व्यक्त केली. आम्हीही केली. मग 'कोणाला काही विचारायचंय का' असं झालं. दाराशी चपला काढून उभा असलेला एक पटकेवाला माणूस म्हणाला, "इचारायचं न्हाई. सांगायचं हाय. त्यातले सतरा म्या बशिवलेत मोऱ्यांत."

वकीलसाहेबांना वाटलं, माणूस टिंगल करायलाय. पण तो एकेक करून सांगायला लागला. कुठला रस्ता, कितवी मोरी, डाव्या भिंतीत का उजव्या, खालून कितवा थर. मोरी बांधायला घडीव दगड लागायचा आणि पडक्या देवळाजवळ, तळ्याच्या काठी, शिवेवर तो आयता पडलेला असायचा. इंजिनिअर म्हणायचा, फोडायचा त्रास वाचला, उचला. हा उचलायचा. अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण ती अक्षरं आहेत हे कळत होतं. पहिल्यांदा एक दगड गाडीत घातला तेव्हा शेतातून एक बाई पळत आली होती. दर अमावस्येला ती त्याला हळदकुंकू लावायची. तिनं शिव्या दिल्या नाहीत, नुसतं विचारलं, आता मी कुठं जाऊ? गाडी पुढं गेली. पण तेव्हापासून भीमण्णानं मोजायला सुरुवात केली. पुढच्या प्रत्येक दगडाची जागा त्यानं डोक्यात पक्की करून ठेवली, आणि रिटायर झाल्यावर कुणाला तरी ते सांगायला म्हणून आमचा पत्ता काढत आला. आम्ही त्याला लगेच सभासद करून घेतलं. त्याला मात्र शेवटपर्यंत असंच वाटत होतं की आपण इथं गुन्हा कबूल करायला आलोय आणि ह्या शिकल्यासवरल्या लोकांनी आपल्याला माफ केलंय.

पुढची अकरा वर्षं आम्ही दोघं बस, टमटम, कुणाची मोटरसायकल, जे मिळेल त्यानं हिंडलो. औरादपासून चिंचोळीपर्यंत एकही गाव बघायचं राहिलं नाही. दगड सापडला की त्याचा ठसा घ्यायचा. दगड धुवायचा, ओला कागद त्याच्यावर अंथरायचा, ब्रशनं ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा, आणि जरा सुकला की शाईचा बोळा हलक्या हातानं फिरवायचा. कागद काळा होतो, अक्षरं पांढरी राहतात. प्राध्यापकांनी शिकवलं मला, पण हात बसला भीमण्णाचा. माझा कागद दर वेळी फाटायचा. मोरीत वाकून, गुडघाभर गाळात उभं राहून घेतलेले त्याचे ठसे आजही कपाटात आहेत, एकालाही सुरकुती नाही. दगडाला हात लावण्याआधी चपला काढायचा, मग तो मैलाचा दगड का असेना.

आणि हाताचं सांगायचं तर, कागद लावायच्या आधी तो डोळे मिटून दगडावरून तळहात फिरवायचा. "गोल गोल लागायलंय, कानडी हाय." "वर रेघ हाय, आपलं हाय." "हे खोदलेलं न्हाई, वर उठलंय, फारसी." एकदाही चुकला नाही. प्राध्यापकांनी एकदा गंमत म्हणून त्याच्यासमोर एक झिजून सपाट झालेला दगड ठेवला. त्यानं हात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि म्हणाला, व्हतं हितं कायतरी, पुसलंय. ठसा घेतला तर चार अक्षरं उमटली. त्या दिवशी प्राध्यापक त्याच्या पाया पडायचेच बाकी राहिले.

माणसांशीही तो तसाच हळू जायचा. औरादकडच्या एका गावात एका म्हातारीच्या घराची पायरी म्हणजे लेख असलेला दगड. प्राध्यापकांनी तिला वारसा म्हणजे काय ते मराठीत सांगितलं, मग कानडीत सांगितलं. तिनं दार लावून घेतलं. तिला वाटलं, सरकार पायरी उचलून न्यायलंय. भीमण्णा त्या बंद दारापुढं बसला आणि मोडक्यातोडक्या तेलुगूत तिच्या म्हशीची चौकशी करायला लागला. म्हैस किती देते, दुसऱ्या वेताची का तिसऱ्या, डोळ्याला काय झालंय. दार अर्धं उघडलं. मग सून कुठली, लेक कुठं दिली, जावई पितो का, सगळं निघालं. जावई पीत होता. दोन तास आम्ही बाभळीखाली घाम पुसत बसलो. शेवटी ती म्हातारी स्वतः चिंच घेऊन आली आणि पायरी घासूनपुसून लख्ख करून दिली. वर आम्हाला ताक.

त्याचा एकच हट्ट होता. कागद आपण न्यायचा, दगड तिथंच ठेवायचा. वकीलसाहेबांना हे पटत नसे. त्यांचं म्हणणं, दगड उन्हापावसात झिजतात, लोक त्याच्यावर धुणी धुतात, उचलून आणले पाहिजेत. बैठकीत दर वेळी हा विषय निघायचा आणि भीमण्णा शेवटच्या बाकावरून उठून तेच सांगायचा: "म्या सतरा हलिवलेत. अठरावा हलवायचा न्हाई." मी सचिव म्हणून 'चर्चा झाली' असं लिहायचो. मनातून मी भीमण्णाच्याच बाजूचा होतो. निदान तसं मला वाटायचं.

मग बिदरमध्येच, मैलूरला, मंडळाला जागा मिळाली. एक मोठी खोली, पुढं व्हरांडा. संग्रहालय करायचं ठरलं, पाहुणे ठरले, मांडव ठरला. कपाटं आली, ठशांना चौकटी झाल्या, जुनी भांडी, नाणी, काही पोथ्या गोळा झाल्या. पण खोलीच्या मधोमध काय ठेवायचं? वकीलसाहेब म्हणाले, आत शिरताच माणूस थांबला पाहिजे. असं काय आहे आपल्याकडं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण सगळ्यांना माहीत होतं.

भीमण्णाच्या वाडीत एक वीरगळ आहे. आहे म्हणजे होता. कमरेएवढा उंच दगड. त्याच्यावर काठी उगारलेला माणूस, पुढं वाघ, पायाशी चार मेंढरं आणि एक कुत्रं. खाली दोन ओळी जुन्या कानडीत. प्राध्यापकांनी त्या वाचल्या होत्या: कळप राखताना हा पडला. नाव झिजून गेलेलं. वाडीचे लोक त्याला बिरप्पाचा, म्हणजे त्यांच्या मेंढपाळ देवाचा, माणूस म्हणतात, दर सोमवारी पाणी घालतात, आणि वाडीच्या जत्रेत पालखी त्या दगडाला पाच फेऱ्या घालते. असा दगड आमच्या साऱ्या हिंडण्यात दुसरा दिसला नाही.

भीमण्णाशी बोलायचं काम माझ्यावर आलं. बस स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. तो पहिल्यांदा न्हाईच म्हणाला. चहा थंड झाला तरी न्हाईच. मग मी त्याची नस पकडली. म्हटलं, भीमण्णा, बिदरला येणारा प्रत्येक माणूस किल्ला बघतो, मदरसा बघतो, घुमट बघतो. राजांचं, सुलतानांचं सगळं बघतो. मेंढरामागं मेलेल्या माणसाचं कोण बघतंय? तुझ्या वाडीच्या बाहेर त्याला कोण ओळखतंय? हे त्याला लागलं. तो टेबलावर बोट फिरवायला लागला. मग म्हणाला, किती दिवस? मी म्हटलं, एक महिना. जत्रेच्या आधी परत. हे मी मनापासून बोललो होतो, एवढं तरी लिहू द्या.

वाडीत पारावर बैठक झाली. मी मंडळाच्या कागदावर लिहून, सही-शिक्का मारून नेलं होतं. पुजारी सिद्धप्पानं तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. त्या लोकांत शब्द द्यायचा तर भंडारा उचलून. भंडारा म्हणजे हळद, देवापुढची. ती मुठीत घेऊन जे बोललं ते देवाला सांगितलं, त्याच्यावर कोर्ट नाही. सिद्धप्पानं ताट पुढं केलं आणि भीमण्णाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. भीमण्णानं मूठ भरली. म्हणाला, जत्रेच्या आदी ह्यो माणूस हितं उभा आसंल. मूठ कपाळाला लावली आणि दगडावर सोडली. मी शेजारीच उभा होतो. माझा कागद मी पिशवीत परत ठेवला.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दगड बसवायला जवळच्या कोळारकडनं गवंडी आला. नुसता उभा केला तर दगड हलायचा, टेकू लावला तर वाईट दिसायचं. वकीलसाहेब म्हणाले, गर्दी होणार, कुणाच्या पायावर पडला तर? फरशी फोडा, हातभर खाली न्या आणि काँक्रीट भरा. एवढं बोलून ते पाहुण्यांच्या व्यवस्थेला निघून गेले. गवंडी शहाणा होता. त्यानं मला विचारलं, "साहेब, परत काढायचा नाही ना?" त्या खोलीत तेव्हा तो, मी आणि तो दगड, एवढेच होतो. मी काय म्हणायला पाहिजे होतं? माझ्या शर्टाच्या बाहीवर भंडाऱ्याचा डाग तसाच होता, हळद लवकर निघत नाही. मी म्हणालो, "साहेब म्हणतात तसं कर." आणि व्हरांड्यात जाऊन निमंत्रणाची यादी तपासत बसलो.

उद्घाटन चांगलं झालं. भीमण्णा वाडीतली पंचवीस-तीस माणसं टेम्पोतून घेऊन आला होता. दिवसभर दगडाशेजारी उभा. शाळेच्या बाया आल्या, कॉलेजची मुलं आली, सगळ्यांना तो मराठीत, कानडीत, दखनीत सांगत होता, ह्यो आमचा माणूस, ह्यानं कळप सोडला न्हाई. पाहुण्यांनी दगडासमोर उभं राहून फोटो काढला. भीमण्णाला इतकं खूश मी कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर तो खुर्च्या गोळा करायला लागला. दगडापाशी आला तेव्हा वाकला, फुलांच्या पाकळ्या बाजूला सारल्या आणि बुडाशी तळहात फिरवला. मग बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. "रावसाब, हे सिमिट लागायलंय."

मी म्हणालो, "वरवर लिंपलंय रे. खाली वाळू आहे. दोन माणसांत निघतो."

का बोललो? पुष्कळदा विचार केला. कार्यक्रम चांगला झाला होता, जेवण चांगलं झालं होतं, मला कटकट नको होती. जत्रेला महिना होता, तोपर्यंत बघू काहीतरी, असं वाटलं. एवढंच कारण. मोठं कारण असतं तर मला जरा बरं वाटलं असतं. भीमण्णानं माझ्या तोंडाकडं बघितलं, "व्हय का," म्हणाला आणि खुर्च्या उचलायला लागला. ज्याचा हात अकरा वर्षांत एकदा चुकला नव्हता, त्यानं आपला हात सोडून माझं ऐकलं.

जत्रेला आठ दिवस राहिले तेव्हा तो टेम्पो घेऊन आला. बरोबर वाडीची चार माणसं आणि सिद्धप्पाचा थोरला मुलगा. पहार, दोर, अंथरायला कडब्याच्या पेंढ्या, आणि दगडाला पांघरायला नवं कोरं घोंगडं. सकाळचे दहा वाजले होते. मला त्यानं फोन करून बोलावलं होतं आणि मी गेलो, ते का ते मला सांगता येत नाही. कदाचित खरंच खाली वाळू निघेल असं वाटलं असेल. माणसाचं काही खरं नसतं.

फरशी उचकटली. चार बोटं खाली काँक्रीट, वीतभर खाली काँक्रीट. कानडीची खालची ओळ त्याच्यात गेलेली. भीमण्णा कुणाला घाव घालू देईना. स्वतः पहार घेऊन एकेक कडेनं अलगद टोचत होता, कान लावून ऐकत होता. चौथ्या-पाचव्या टोचणीला दगडाच्या कडेचा एक कपचा उडाला. मेंढराचा पाय होता तो. भीमण्णानं पहार खाली ठेवली. "थांबा," म्हणाला. "न्हाई निघत. फुटंल."

वकीलसाहेब हैदराबादला होते. फोन लावला. ते म्हणाले, आता दगड संग्रहालयाच्या नोंदीत चढलाय, आता तो असा कुणाला नेता येत नाही, वाडीला आपण हुबेहूब दुसरा घडवून देऊ, खर्च मंडळाचा. भीमण्णानं फोन कानापासून लांब धरला होता, त्यामुळं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. त्यानं फोन माझ्या हातात दिला.

सिद्धप्पाचा मुलगा शांतपणे म्हणाला, "आण्णा, सिमिट हाय म्हणून तुला म्हाईत व्हतं का?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मी तोंड उघडायची ती वेळ होती.

"व्हय," भीमण्णा म्हणाला. "हाताला कळलं व्हतं."

माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. कपचा उचलून पटक्याच्या टोकात बांधला, घोंगड्याची घडी केली, आणि रिकामा टेम्पो घेऊन माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गवंडी येऊन फरशी पूर्ववत करून गेला. मी राजीनामा दिला का? नाही. पुढची निवडणूक होईपर्यंत सचिव राहिलो. त्या महिन्याच्या इतिवृत्तात ह्या प्रकाराची एक ओळही नाही.

जत्रेला मी गेलो. रात्रभर झोप नव्हती, सकाळी बायकोला म्हटलं, सिद्धप्पाला सांगून येतो, सगळं माझ्या तोंडानं सांगून येतो. ती म्हणाली, जावा. बसमध्ये बसलो, मोऱ्या जात होत्या, मला एकीचाही नंबर येत नव्हता. फाट्यावर उतरून चालत वाडी गाठली. ऊन चढलं होतं. ढोल लांबूनच ऐकू येत होते.

दगडाच्या जागी खड्डा होता. तो त्यांनी बुजवला नव्हता की दुसरा दगड उभा केला नव्हता. त्या जागेवर ते नवं घोंगडं अंथरलेलं आणि पालखी त्या घोंगड्याला फेऱ्या घालत होती. दर फेरीला मुठी मुठी भंडारा उधळला जायचा. बाया, माणसं, म्हातारी, तान्ही, कोणी सुटायचं नाही. भीमण्णाच्या घराण्याचा पालखीच्या पुढच्या दांडीचा मान होता. तिथं त्या वर्षी त्याचा पुतण्या होता. भीमण्णा मैदानाच्या बाहेर एका बाभळीखाली एकटा उभा होता. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. वाडीनं त्याला वाळीत टाकलं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. सिद्धप्पा पालखीपासून दोनदा त्याच्याकडं गेला, हाताला धरून ओढलं, भीमा, चल आत, देव समजून घेतो. भीमण्णानं नुसती नाही म्हणून मान हलवली. भंडारा उचलून खोटा पडलेल्या माणसाच्या अंगावर भंडारा पडत नाही, हा त्यांचा रिवाज. रिवाज त्यानं स्वतःच स्वतःला लावला होता.

मी त्याच्याजवळ गेलो. 

"कामून आलाव, रावसाब?"

"सिद्धप्पाला सांगायला आलोय. तुझी चूक नाही. तुला मी खोटं सांगितलं. गवंड्याला मी हो म्हणालो. सगळ्यांसमोर सांगतो."

तो रागावेल असं वाटलं होतं. राहू द्या रावसाब, असं म्हणेल असंही वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होतो. त्यानं एकदा माझ्याकडं नीट बघितलं.

"मग सांगा," म्हणाला.

मी मैदानात शिरलो. सिद्धप्पानं मला लांबूनच ओळखलं. बिदरचे रावसाब आलेत, वाट द्या, वाट द्या, असं त्यानं ओरडून सांगितलं आणि लोकांनी वाट दिली. कुणाच्या तोंडावर राग नव्हता. त्यांच्या लेखी जे चुकलं ते त्यांच्याच माणसाकडून चुकलं होतं, मी पाहुणा होतो. कुणीतरी नारळ हातात दिला. सिद्धप्पानं दोन्ही हातांनी भंडारा घेतला, माझ्या कपाळाला माखला, उरलेला डोक्यावर उधळला. पाठोपाठ चारी बाजूंनी मुठी आल्या. डोळ्यांत गेला, तोंडात गेला. ढोल कानाशी वाजत होते. मी सिद्धप्पाचा दंड धरला. त्यानं वाकून कान माझ्या तोंडाजवळ आणला आणि विचारलं, काय म्हणालाव?

"काही नाही," मी म्हणालो. "जत्रा चांगली भरली."

तो हसला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पालखीबरोबर पुढं गेला. मी डोळे पुसले आणि मागं वळून बघितलं. सगळं मैदान पिवळं झालं होतं. माणसं पिवळी, ढोल पिवळे, अंथरलेलं घोंगडं पिवळं, मी नखशिखांत पिवळा. पलीकडं बाभळीखाली भीमण्णा तसाच उभा होता, त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक ठिपकासुद्धा नव्हता, आणि मी सांगितलं का, ते तो बघत होता.